लिंडेनरूहच्या आरसेमहालात

रविवार, ६ जुलै. गेर्लिंगेन, श्टुटगार्टजवळ.

लगागा लगागा लगागा लगागा. विट्याच्या शाळेत मास्तर लाकडी पट्टीने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही पोरं घसा फुटेस्तोवर भुजंगप्रयात म्हणायचो. अर्थ कुणाला कळत होता? पण बाकांखालचे पाय आपोआप हलायचे. तो पट्टीचा आवाज इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे. आज तो एका जर्मन राजवाड्याच्या जिन्यात ऐकू आला. आमच्या गाइडबाई, फ्राऊ बॉयर्ले, पांगलेल्या माणसांना गोळा करायला हातातली काठी फरशीवर आपटत होत्या. टक, टकटक. लगागा. मी जागीच उभा राहिलो.

झालं असं, की प्रसन्नला, म्हणजे आमच्या मुलाला, आज सुट्टी. त्याने गाडी काढली आणि सून ऊर्मिला, नात शमिका आणि मला लिंडेनरूह नावाचा राजवाडा दाखवायला नेलं. प्रभा, माझी बायको, आली नाही. ‘तुम्ही जाऊन या, मी घर बघते,’ म्हणाली. इथे घराला काय होतंय? पण नाही म्हणजे नाही.

दारात मोठ्या पेटीत कापडाच्या जाड सपाता भरलेल्या. नक्षीची लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून त्या घालूनच आत जायचं. मी आपला शहाण्यासारखा बूट काढून दाराबाहेर नीट जोडीने ठेवले, मोजे खिशात घातले आणि अनवाणी पाय त्या सपातांत सरकवले. त्या निघाल्या होडीएवढ्या. दोन पावलांत एक सपात पुढे आणि मी मागे. फ्राऊ बॉयर्ले माझ्या पायांकडे बघत राहिल्या. शमिका अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. ती हसून हसून जिन्यात बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, ‘आजोबा, बुटाच्या वरून घालायच्या.’ आपल्या माणसाला कुणी सांगायचं, की देवळासारख्या जागी बूट घालूनच जायचं म्हणून?

आणि आत. काय लिहू? छत म्हणजे आकाशच उघडलेलं, ढगांवर देव-देवता बसलेल्या. एका पंखवाल्या पोराचा पाय तर चित्राच्या चौकटीबाहेर लोंबतोय. पाय खरा, चुन्यात घडवलेला, आणि वरचं पोर रंगवलेलं. कुठे रंग संपला आणि कुठे चुना सुरू झाला, मान मोडेस्तोवर बघितलं तरी कळेना. भिंतींवर सोन्याच्या वेली. शेवटी आरशांची लहानशी खोली, जिथे एका माणसाची मिरवणूक होते. शाळेत उत्प्रेक्षा अलंकार शिकलो तो हा. या लोकांनी तो भिंतीला लावलाय.

घरी येऊन प्रभाला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की सगळं बघायला किती वेळ लागतो. म्हटलं, दीड तास. तर म्हणे, मध्ये बाहेर येता येतं का? मध्ये बाहेर कशाला यायचं? कविता अर्ध्यात सोडून कुणी पाणी प्यायला उठतं का? ती कणीक मळायला उठून गेली.

मला तिला हे दाखवायचंय. एकवीस सप्टेंबरचं परतीचं विमान आहे. त्याच्या आत.

मंगळवार, ८ जुलै.

दोन ओळी जमल्या. बऱ्याच वर्षांनी.

तिथे सोनवेली छताशी चढाव्या,
ढगांच्या महाली पऱ्याही उडाव्या.

गण चोख बसले आहेत. प्रभाला म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, ‘पऱ्या उडवून झाल्या असतील तर ही फरसबी मोडून द्या.’

फरसबी मोडता मोडता तिला राणीच्या शयनगृहाचं वर्णन केलं. निळं रेशीम, पलंगाला छत्री. तिने विचारलं, इतक्या मोठ्या वाड्यात त्या राण्यांची बाकीची सोय काय होती? मी रंगात येऊन सांगितलं, की एक खुर्ची आहे, वरून मखमल, बैठक उचलली की आत चिनी मातीचं भांडं. फ्राऊ बॉयर्ले यांनी ती मुद्दाम उघडून दाखवली होती आणि सगळे हसले होते. प्रभाही हसली. मग म्हणाली, ‘त्यांची झाली सोय. आत्ताच्या बायकांचं काय?’

अशी मध्येच खोल काहीतरी बोलते ती. काळ बदलतो, वैभव उरत नाही, असं तिला म्हणायचं असावं. पुढच्या दोन ओळींत हा विचार आणता येईल.

शनिवार, १२ जुलै.

आजचा दिवस सोन्याचा.

शमिकाला घेऊन पुन्हा लिंडेनरूहला गेलो. या वेळी गाडी नाही. गेर्लिंगेनहून यू-बान म्हणजे ट्राम, मग एस-बान म्हणजे इथली लोकल, मग बस. एसटीत आयुष्य गेलेल्या माणसाला यात भीती कसली. उलट गाडीचे नंबर आणि फलाट बघून हात शिवशिवत होते. विट्याच्या स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. माईकवरून ‘कराडमार्गे सातारा, फलाट क्रमांक तीन’ म्हणायचो तेव्हा उसाच्या रसवाल्यापर्यंत सगळे कान टवकारायचे.

तिकीटघराजवळ एक फलक होता. शमिकाला वाचायला सांगितला. चौदा सप्टेंबरला देशभर जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या करतात. त्या दिवशी इथे तुर्की, इटालियन आणि अरबी भाषेत राजवाडा दाखवणार आहेत. तुमच्या भाषेत सांगू शकत असाल तर भेटा, असं खाली लिहिलेलं. मी तिला म्हटलं, मराठीचं विचार. ती लाजली. म्हणाली, नाइन, आजोबा. मी म्हटलं, मग मीच विचारतो. आणि विचारलं, इंग्रजीत.

फ्राऊ बॉयर्ले पासष्टीच्या असतील. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, इथे हौसेने काम करतात. त्यांनी माझ्या पायांकडे बघून मला ओळखलं. मराठी किती लोक बोलतात, म्हणाल्या. म्हटलं, जवळजवळ तुमच्या जर्मनएवढे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शमिकाकडे, आणि तिने ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान हलवली. तिला आकडा माहीत होता असं मला वाटत नाही. पण आजोबांची बाजू तिने घेतली.

त्यांनी अट घातली, की काय बोलणार ते आधी इंग्रजीत त्यांना सांगायचं, मनाचं काही जोडायचं नाही. कबूल केलं. येताना शमिकाला आइस्क्रीम दिलं. मीही खाल्लं. प्रभाला सांगू नको म्हटलं, तर तिने घरात शिरताच सांगितलं, मराठीत. हवं तेव्हा येतं तिला.

आता प्रभा नाही कशी म्हणेल? मीच गाइड असणार.

मंगळवार, १५ जुलै.

सकाळी बाल्कनीत सराव केला. ‘मंडळी, आपण आता मुख्य जिन्यापाशी आलो आहोत.’ समोरच्या बाल्कनीतल्या बाईने झाडाला पाणी घालणं थांबवलं. प्रभा आतून म्हणाली, ‘अहो, हळू. शेजारची माणसं पिशव्या घेऊन खाली जमतील, गाडी लागली म्हणून.’

रविवारी मी तिला घेऊन जाणार आहे. आधी नुसतं बघून घेऊ. प्रसन्न कामासाठी हॅम्बर्गला आहे, म्हणून रेल्वेनेच. ती दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा बरं म्हणाली. पन्नास वर्षांत एवढं कळलंय मला, तिसऱ्यांदा विचारावं.

रविवार, २० जुलै.

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

प्रभाने आमसुली नारायणपेठ नेसली होती. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. प्रवासाला निघताना ती पाण्याचा थेंब घेत नाही, लग्नापासून बघतोय. आमच्या स्टँडवरही बायका अशाच, कोल्हापूर गाठेपर्यंत घोट घ्यायच्या नाहीत. केवढी सोसायची शक्ती. ऊर्मिलाने पाण्याची बाटली दिली ती तिने माझ्या पिशवीत टाकली.

एस-बान एका स्टेशनाच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. मी तिला आरशांच्या खोलीचं सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. गाडी हलली आणि स्टेशन येताच ती उठून सरळ उतरली. मी मागे धावलो. फलाटाच्या टोकाला एका बंद दारापर्यंत जाऊन इकडेतिकडे बघून आली, माझ्याकडे नाणं मागितलं. माझ्याकडे नोट होती. कशाला हवंय विचारलं तर म्हणाली, राहू दे. मग म्हणाली, चक्कर येतेय, घरी चला.

मी फार वाईट बोललो नाही. एवढंच म्हणालो, की तुला यायचंच नव्हतं तर स्पष्ट सांगायचं. ती परतीच्या गाडीत डोळे मिटून बसली होती. घरी येताच आत निघून गेली.

जिन्याच्या पायथ्यापासून माणूस परत फिरावा, तसं झालं. माझ्या आवडीच्या गोष्टीत तिला रस नाही. असेल. माझ्या कविता तरी तिने कधी पुऱ्या ऐकल्यात?

शनिवार, २ ऑगस्ट.

प्रभाला बरं नव्हतं. ताप आला होता. ऊर्मिलाने तिला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या. आता ठीक आहे. मी विचारलं तर ऊर्मिला म्हणाली, इन्फेक्शन आहे, पाणी कमी पडतं. मग मला विचारलं, ‘बाबा, आई दिवसभरात किती पाणी पितात, कधी बघितलंय का?’ मी म्हटलं, तहान लागेल तेव्हा पीत असेल की.

दुपारी दोघी दार लावून बराच वेळ आत बोलत होत्या. मध्येच प्रभा हसली, मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. बायकांचं काहीतरी असेल, मी खोलात गेलो नाही. माझं पुढच्या रविवारचं पाठ करणं चालू होतं.

रविवार, १० ऑगस्ट.

फ्राऊ बॉयर्लेंपुढे पहिली परीक्षा. नापास.

मी म्हणालो, हे संगमरवरी खांब इटलीहून आणले असावेत. त्यांनी मला खांबाला हात लावायला लावला. कोमट. खरा संगमरवर हाताला गार लागतो. हा चुना, सरस आणि रंग मळून, घासून घासून चमकवलेला. पैसा नव्हता म्हणून का, विचारलं. हो, कधी कधी तेही असेल, म्हणाल्या, पण मुख्य म्हणजे मनाजोगता रंग डोंगरात सापडत नाही, तो हाताने करावा लागतो.

घरापर्यंत हेच वाक्य घोळवत आलो. मास्तर असेच म्हणायचे, फुलं बागेतली असतात, माळ आपण करतो.

पण शंकाही येतात. मला मध्येच शब्द सुचेना झाला. ‘चंद्रशाळा’ म्हणायचं होतं की ‘सज्जा’, तिथेच अडकलो. गुडघाही बोलतो. आणि ऐकायला येणार कोण? प्रसन्नच्या ऑफिसातली माणसं शनिवार-रविवार वाणसामान आणतात. एक मी आणि पंधरा रिकाम्या सपाता, असं स्वप्न पडलं.

प्रभाला खांबांचं सांगितलं. या वेळी तिने नीट ऐकलं. म्हणाली, मग तुम्ही मला महिनाभर संगमरवर सांगत होता तो खोटाच की.

शनिवार, ३० ऑगस्ट.

इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती, श्टुटगार्टच्या एका हॉलमध्ये. मोदक आकाराला जरा चपटे, पण चव घरची. आरतीनंतर मंडळाचा कार्यकर्ता शिरीष माझ्याकडे माईक घेऊन आला. ऊर्मिलाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

माईक हातात आला आणि मला काय झालं सांगू. हॉलचा विट्याचा स्टँड झाला. म्हटलं, ‘चौदा सप्टेंबर, रविवार. राजवाडा लिंडेनरूह. मराठीतून. मुलांकडे राहायला आलेल्या सर्व आजी-आजोबांनी लाभ घ्यावा. गाडी वेळेवर सुटेल.’ लोक हसले, पण जमले. एकेक आजोबा येऊन सांगायला लागले, की दोन महिने झाले, खिडकीतून पार्किंग बघतोय. एश्बॉर्नहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, राजवाडा राहू द्या, तिथे चहा मिळेल का? सातारच्या मुक्ताबाई म्हणून होत्या, त्यांनी ऊर्मिलाला बाजूला नेऊन हळूच काहीतरी विचारलं. ऊर्मिलाने त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. मग आणखी दोघीतिघी तिच्याभोवती. आणि सगळ्यांनी नावं दिली. आधी नुसते आजोबाच तयार होते. माझ्या भाषणाचा परिणाम जरा उशिरा झाला म्हणायचा.

प्रभा कोपऱ्यात बसून हे बघत होती. घरी येताना मी म्हटलं, आता तू पहिल्या रांगेत. ती म्हणाली, ‘मला आग्रह करू नका. मी नाही यायची.’ दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. नाही.

परक्या बायका येणार आणि ही नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर.

फ्राऊ बॉयर्लेंशी वाद झाला. म्हणजे मी मराठीत मनात केला आणि इंग्रजीत ऐकून घेतलं.

माझी रचना कशी सुंदर होती. मोठ्या जिन्यापासून सुरुवात, हळूहळू चढत, दालनामागून दालन, आणि शेवटी आरसे. जशी कविता चढत जाते. तर आज म्हणाल्या, ‘आल्झो’, म्हणजे आपलं ‘तर मग’, बदल आहे. सुरुवात स्वयंपाकघराच्या बाजूने. मग खालची दालनं. मग पंधरा मिनिटं थांबायचं. मग आरशांची खोली. आणि तिथून परत जाताना पुन्हा थांबायचं. मी म्हटलं, दोन दोनदा यतिभंग? त्यांना यती सांगता सांगता माझी दमछाक झाली. त्या शांतपणे म्हणाल्या, तुमच्या सुनेशी माझं फोनवर बोलणं झालंय, असंच ठरलंय.

ऊर्मिला त्यांच्याशी केव्हा बोलली? विचारलं तर म्हणाली, ‘बाबा, वयस्कर माणसं आहेत. थांबायला लागतं.’ मी म्हटलं, गुडघ्यांसाठी खुर्च्या मागव हवं तर, पण कविता मोडू नकोस. प्रभा शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिने ऊर्मिलाकडे बघितलं आणि दोघी एकदम शेंगांमध्ये वाकल्या. हसत होत्या की काय.

अखेर मान्य केलं. राजवाडा त्यांचा.

शनिवार, १३ सप्टेंबर.

उद्या. सकाळपासून तोच कागद पाच वेळा वाचला. इयत्ता सातवीत इन्स्पेक्टरसाहेबांपुढे कविता म्हणायला उभं केलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी असंच झालं होतं.

प्रभाने माझा नेहरू शर्ट इस्त्री केला. म्हणाली, ‘बटण उसवलं होतं ते लावलंय. बोलताना हात फार हलवू नका, काखेत तटतटतो तो.’ मी म्हटलं, उद्या तू काय करणार? म्हणाली, ऊर्मिला आणि मी घरी आहोत, बघू. मग स्वयंपाकघरात जाऊन ती पाणी प्यायली, दोन पेले, एकामागून एक. हल्ली सुनेच्या धाकात आहे.

एक गोष्ट खरी ती लिहून ठेवतो. उद्या सगळं उत्तम झालं तरी माझ्या मनात ते अर्धंच राहणार आहे. तिने बघितलं नाही तर मी विट्याला परत गेल्यावर कुणाशी बोलू? ‘आठवतं का गं’ म्हणायला दुसरं माणूस लागतं.

रविवार, १४ सप्टेंबर.

सकाळी शमिकाला घेऊन लवकर निघालो. ऊन चांगलं पडलं होतं. दारात सपातांची पेटी उघडी, आणि फ्राऊ बॉयर्लेंनी माझ्या नावाची पाटी गळ्यात घातली. पाटीवर मराठीत लिहिलेलं होतं. शमिकाच्या हातचं, ‘जयंत’मधला अनुस्वार फुलासारखा काढलेला. मराठीत लिहिताही येतं तिला, मला माहीतच नव्हतं.

आणि सगळे आले. मुक्ताबाई, एश्बॉर्नचे चहावाले गृहस्थ, हॅम्बर्गहून मुद्दाम आलेलं एक जोडपं, अशी आजी-आजोबांची चांगली पलटण. काहींनी माझ्यासारखेच बूट काढून बाहेर ठेवले. मी म्हटलं, मंडळी, बुटाच्या वरून. काय अधिकाराने म्हटलं.

पहिली वाक्यं कागदात बघूनच म्हटली. मग स्टँडवरचा आवाज सापडला. स्वयंपाकघरातली चूल बघून बायकांनी इतके प्रश्न विचारले, की फ्राऊ बॉयर्ले कागद काढून टिपून घ्यायला लागल्या. कोमट खांबाला प्रत्येकाने हात लावला. चौकटीबाहेर लोंबणाऱ्या पायाखाली एक आजोबा बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, हा पडेल हो कधीतरी कुणाच्या डोक्यावर. मी हसलो, मी सांगितलं, मी गायलोसुद्धा, माझ्या दोन ओळी. मुक्ताबाईंनी तिथल्या तिथे त्यांना चाल लावली. दोनशे-तीनशे वर्षांच्या त्या भिंतींनी भुजंगप्रयात ऐकला. जर्मन प्रवासी दारात थबकून बघत होते.

मग ती पंधरा मिनिटं. मी एकटा खिडकीशी उभा राहून बाग बघत होतो. सगळ्या बायका कुठेतरी गेल्या आणि टवटवीत होऊन, एकमेकींशी गप्पा मारत परत आल्या. पुढच्या दालनांत कुणीही घाई केली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. कविता मोडली नव्हती. मला खरं तर आश्चर्य वाटलं.

आरशांच्या खोलीत एका वेळी थोडेच मावतात. सगळे दाटीने उभे राहिले. फ्राऊ बॉयर्ले मध्येच कुठे नाहीशा झाल्या होत्या, म्हणून मी एकट्यानेच सुरुवात केली. पाठीमागे हिरव्या रेशमाची भिंत, समोर आरसे. म्हटलं, ‘मंडळी, इथे माणूस एकटा येतो आणि एकटा राहत नाही.’ हे वाक्य मी महिनाभर घासून ठेवलं होतं.

आणि समोरच्या आरशांत माझ्या पाठीमागची भिंत उघडली.

भिंतच. तिथे दार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेच रेशीम, तीच सोनेरी पट्टी, फट दिसूच नये असं जुन्या नोकरांसाठी केलेलं दार. आरशात आधी फ्राऊ बॉयर्लेंचा हात दिसला, मग ऊर्मिला, मग आमसुली पदर. एका आरशात, दुसऱ्यात, वरच्या लहान लहान तुकड्यांत. चहूकडून प्रभा येत होती. चपलांवरून सपाता चढवलेल्या, एक हात भिंतीला, तोंडावर प्रवासाचा शीण नाही.

मी वळलो. तिच्या मागे अरुंद बोळ होता, आणि बोळाच्या टोकाला, चार पावलांवर, दिव्याखाली एक पांढरं दार. दारावर बाईचं चित्र. मी त्या चित्राकडे बघितलं. मग प्रभाकडे. मग पुन्हा त्या चित्राकडे. हातातला कागद कुणीतरी काढून घेतल्यासारखा मी उभा होतो.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मुक्ताबाईंनी बाजूला सरकून तिला जागा करून दिली. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, वर ढगांकडे बघितलं, सोनवेलींकडे बघितलं, आणि माझ्या काखेतली उसवलेली शिवण बोटाने चाचपत म्हणाली,

‘अहो, माझं मागचं सगळं राहिलंय. पहिल्यापासून सांगा.’